जुनी मोटार : आगम कीं आदेश ?

व्याकरणाच्या वर्गांत आगम आणि आदेश यांतील भेद समजावून देतांना जुने शास्त्री एक सोपी खूण सांगत. आगम हा मित्रासारखा येतो. मूळ वर्णाच्या शेजारीं जागा करून बसतो, कोणाला उठवीत नाहीं. आदेश मात्र शत्रूसारखा येतो. मूळ वर्णाला त्याच्या स्थानावरून दूर करितो आणि स्वतः तेथें बसतो. शब्द सिद्ध होण्यास दोघांचीही गरज असते. परंतु कोण कोणत्या नात्यानें आला आहे हें ज्या विद्यार्थ्यास ओळखतां येत नाहीं, त्याचा शब्द सिद्ध न होतां बिघडतो.

हा भेद व्याकरणाच्या बाहेरही उपयोगी पडतो. जुनी मोटार घरच्याच गॅरेजमध्यें उघडून, दुरुस्त करून पुनः रस्त्यावर आणण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांतील तरुणांत दिसूं लागली आहे. हौस स्तुत्य आहे. हाताला काम मिळतें, बुद्धीला व्यायाम घडतो आणि वडिलांच्या वस्तूची किंमत मुलांना कळते. परंतु अशा कामांत काय राखावें, काय बदलावें आणि काय नव्यानें जोडावें, याचा विवेक आधीं झाला पाहिजे. तो न झाल्यास पैसा जातो, गाडी जाते आणि प्रसंगीं माणूसही जातें. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

पद्मिनीचें कुल

उदाहरणादाखल महाराष्ट्रांतच जन्मलेली आणि मध्यमवर्गाच्या दारांत वाढलेली एक गाडी घेऊं. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वस्तू आपल्याच देशांत तयार झाल्या पाहिजेत, हा त्या कर्त्या पुरुषाचा ध्यास होता. मुंबईजवळ कुर्ला येथील कारखान्यांत आरंभीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें डॉज, प्लिमथ या गाड्या जुळविल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला. १९५४ च्या सुमारास जी गोलसर फियाट आपल्या रस्त्यांवर आली, तिचें ‘डुक्कर फियाट’ हें लाडकें नांव अद्याप वृद्धांच्या तोंडीं आहे. १९६४ सालीं ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच गाडी पुढें ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ या नांवानें व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें विकली जाऊं लागली. हें नांव चितोडच्या राणीवरून घेतलें असें सांगतात. संस्कृतांत मात्र पद्मिनी म्हणजे कमळांची वेल किंवा कमळांनीं भरलेलें तळें.

या शतकाच्या आरंभीं पद्मिनीचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकीं जी शेवटची पद्मिनी उरली होती, तिची वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्यें तीही रस्त्यावरून गेली. ज्या गाड्या आतां शिल्लक आहेत, त्या घरोघरच्या छपरांखालीं.

तिचें यंत्र समजण्यास अवघड नाहीं, आणि हाच शिकणाऱ्याचा मोठा लाभ. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. सातवीच्या मुलानें गणित केलें तरी एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर येतें. शक्ति सुमारें चाळीस अश्वांची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि पुढची बैठक सलग बांकासारखी. बॉनेट उघडला कीं प्रत्येक भाग डोळ्यांस दिसतो व बहुतेक भागांस हात पोंचतो. आजच्या गाडींत संगणकावांचून रोगाचें निदान होत नाहीं. येथें कान, डोळे आणि नाक एवढीं साधनें पुष्कळ अंशीं पुरतात.

घरांतील तीन पक्ष

आमच्या वडील बंधूंनीं १९७८ सालीं घेतलेली अशी एक पद्मिनी त्यांच्या पश्चात् पांच वर्षें वाड्यामागच्या पत्र्याच्या छपरांत उभी होती. एकत्र कुटुंबांत अशा वस्तूचा प्रश्न निघाला म्हणजे पक्ष पडावयाचेच. मधले बंधु म्हणाले, “भंगारवाल्याला देऊन टाका. तेवढीच दोन स्कूटरांची जागा मोकळी होईल.” पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर. तो म्हणाला, “काका, वरचा सांगाडा तेवढा ठेवूं आणि आंत नव्या गाडीचें इंजिन बसवूं. ताकद दुप्पट होईल, आणि बाहेरून कोणाला कळणारही नाहीं.” वहिनींनीं दोघांचेंही ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, पळवावयाची कोणाला आहे ? ह्यांनीं दर वर्षीं मला वाईला गणपतीच्या दर्शनाला नेलें, तें याच गाडींतून. तशीच एकदां जाऊन येईन म्हणतें.”

पहिला पक्ष लोपाचा, दुसरा आदेशाचा आणि तिसरा मूळ प्रकृतीचा, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु वहिनींची इच्छा वाटते तितकी साधी नव्हती. पुण्याहून वाईस जाणारी वाट खंबाटकीच्या घाटांतून जाते. घाट चढविणें हें इंजिनाचें काम, आणि उतरविणें हें ब्रेकांचें. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढच्या बैठकीवर बसवून, पांच वर्षें उभी असलेली गाडी घाटांतून न्यावयाची, म्हणजे भावनेइतकाच शास्त्राचाही आधार हवा. शेवटीं असें ठरलें कीं, आधीं गाडीची परीक्षा व्हावी व मग निर्णय.

आधीं परीक्षा, मग चिकित्सा

जुन्या गाडीचा रंग पाहून भुलूं नये. एक लोहचुंबक मऊ फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो नीट चिकटत नाहीं, तेथें पत्रा गेलेला असून जागा लांबी भरून बुजविली आहे असें समजावें. मग गालिचा उचलून तळ पाहावा, दारांखालच्या पट्ट्या पाहाव्या आणि पाना हलकेच ठोकून आवाज ऐकावा. शाबूत पत्रा खणखणतो. गंजलेला बद्द बोलतो.

ही परीक्षा केवळ सौंदर्यासाठीं नव्हे. जुन्या काळच्या कित्येक मोटारींना खालीं स्वतंत्र लोखंडी चौकट असे आणि वरचें अंग तिच्यावर ठेवलेलें असे. पद्मिनीस तशी चौकट नाहीं; तिचें अंग हाच तिचा सांगाडा. तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या तर गाडीचा कणाच गेला. अशी पट्टी कापून नवी बसवितांना आधीं दाराच्या चौकटीला आंतून लोखंडी आडवे तीर वेल्ड करून आधार द्यावा. हा आधार न देतां पट्टी कापली, तर गाडी मध्येंच किंचित् वाकते आणि मग दार पुनः जन्मांत नीट लागत नाहीं. गंजावर लांबी फासून वर रंग देणें, हें पडक्या भिंतीला चुना लावण्यासारखें होय. गंज कापून काढावा, निरोगी पत्र्यास निरोगी पत्रा जोडावा, आंतून गंजरोधक लेप द्यावा आणि रंगाचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा.

खोलण्यापूर्वीं प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें. खोललेले बोल्ट, नट व वायसर लहान पिशव्यांत घालून प्रत्येकीला चिठ्ठी लावावी. आमच्याकडे हें काम पुतण्याच्या धाकट्या बहिणीनें केलें, आणि सर्वांत नेटकें काम कोणाचें असें कोणी विचारलें तर मी तिचेंच नांव सांगेन. एका वहींत तारीख, काढलेला भाग, त्याची स्थिति व त्यावर केलेला उपाय अशीं चार सदरें तिनें पाडलीं. चौदा महिन्यांनंतर गाडी जुळवितांना एकही बोल्ट उरला नाहीं कीं कमी पडला नाहीं, याचें श्रेय त्या वहीला आहे.

इंजिन आणि इंधन

फार दिवस उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून एकदम किल्ली फिरवूं नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असल्या, तर त्या क्षणींच मोडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें थोडें तेल सोडावें, तें कांहीं दिवस मुरूं द्यावें आणि मग इंजिन हातानें हळूहळू फिरवावें. तें मोकळें फिरलें म्हणजे जुनें तेल काढून नवें घालावें, आणि दाबमापक लावून चारही सिलिंडरांचा दाब पाहावा. चौघांचा दाब जवळजवळ सारखा असेल तर इंजिन उघडण्याची घाई करूं नये. एकाचाच फार कमी भरला तर रोग तेथें आहे.

या इंजिनाचा खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, आणि वरचें हेड अल्युमिनियमचें. अल्युमिनियम उष्णतेनें लोखंडापेक्षां अधिक पसरतें. गाडी एकदां फार तापली कीं हेड वाकतें आणि गॅस्केट जळतें. म्हणून रेडिएटर, पाण्याचा पंप व पाण्याच्या नळ्या यांकडे दुर्लक्ष करणें महागांत पडतें. हेडचे नट आवळतांना मधल्यापासून आरंभ करून आळीपाळीनें दोन्ही टोकांकडे जावें, तेंही एका दमांत नव्हे तर दोन-तीन फेऱ्यांत, आणि जोर मोजणारा पाना वापरून.

इंधनाविषयीं एक नवी गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ही गाडी रचिली गेली तेव्हां पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याची चाल नव्हती. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत त्याचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आलें आहे. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या जातीचें रबर फुगवितें किंवा ठिसूळ करितें. गाडी फार दिवस उभी राहिली तर टाकीच्या तळाशीं पाणी सांचून आंतून गंज धरतो. उपाय असा, कीं इंधनाच्या सर्व नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा, टाकी साफ करून घ्यावी, आणि गाडी पंधरवड्यांतून एकदां तरी फिरवावी. रबराची नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल पडणें हा जुन्या गाड्यांस आग लागण्याचा एक नेहमींचा प्रकार आहे. चार नळ्यांच्या खर्चांत जो धोका टळतो, तो टाळण्यांत कुचराई करूं नये.

ब्रेक : येथें काटकसर नाहीं

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. पायानें दाबलेला जोर तेलाच्या द्वारें चाकांपर्यंत जातो. तें ब्रेकचें तेलही ओल शोषतें. ओल शिरलेलें तेल घाटांत तापलें म्हणजे आंतल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचा दांडा पोकळ लागतो. म्हणून हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, त्यांतील रबरी वाट्या, लवचीक नळ्या आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या हें सर्व नवें घालावें. ‘अजून चालेल’ हा शब्द इतरत्र चालेल, ब्रेकांत चालणार नाहीं.

याच ठिकाणीं पुतण्याच्या सूचनेचा विचार करणें भाग पडलें. दुप्पट ताकदीचें इंजिन घातलें म्हणजे गाडी अधिक वेगानें पळणार, हें उघड आहे. परंतु धांवणाऱ्या वस्तूंतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग साठांवरून नव्वदांवर गेला तर तो दीडपट झाला. पण ब्रेकांना जिरवावी लागणारी शक्ति सव्वादोनपट झाली. ड्रम तेच, पत्रा तोच, स्टिअरिंग तेंच, आणि भार मात्र सव्वादोनपट ! हें गणित पाटीवर मांडलें तेव्हां पुतण्या कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे काका, इंजिन बदललें कीं ब्रेक बदलावे लागतील, ब्रेक बदलले कीं चाकें, आणि मग पुढचा सगळा सांगाडा.” मी म्हटलें, “आणि शेवटीं पद्मिनी कोठें उरली ?” एक आदेश दुसऱ्या आदेशाला बोलावतो, तो असा.

कायद्याचें अंग

केवळ भावना आणि गणित यांनींच हा प्रश्न सुटत नाहीं; त्याला कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. इंजिन बदलावयाचें झाल्यास नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ती न घेतां परकें इंजिन बसविलें, तर पुस्तकांतील इंजिनाचा क्रमांक व गाडींतील क्रमांक जुळणार नाहीं, आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यालाही बाध येऊं शकेल.

जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार न करतां मूळ रूपांत राखलेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते. तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती इत्यादि ठराविक कारणांसाठींच रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरासाठीं नव्हे. ज्यांना गाडी वापरांत ठेवावयाची आहे, त्यांनीं पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून नेहमींचीच नोंदणी पुढें चालवावी. आमच्या गाडीस २०२८ सालीं पन्नास वर्षें पूर्ण होतील. दोहोंपैकीं कोणती वाट धरावयाची, हें तेव्हां घरांतील तरुण ठरवितील. परंतु ती निवड त्यांच्या हातीं राहावी, एवढ्यासाठीं तरी आज मूळ इंजिन जागेवर असणें अवश्य होतें.

आगम कोणते ?

तर मग कांहींच बदलूं नये काय ? तसें नव्हे. जीर्णोद्धार म्हणजे जुनेपणाचा हट्ट नव्हे. जी सुधारणा मूळ भागास न उठवितां शेजारीं बसते, माणसाचें रक्षण करिते आणि उद्यां काढतां येते, ती आगम होय. आमच्या गाडींत अशा तीन गोष्टी केल्या.

पहिली, कमरेच्या व खांद्याच्या पट्ट्या. त्या केवळ पत्र्याला भोंक पाडून बसविल्या तर धक्क्याबरोबर पत्रा फाटून हातांत येतील. म्हणून मागील बाजूस जाड लोखंडी पट्टी वेल्ड करून तींत बोल्ट घेतले. दुसरी गोष्ट पुढच्या दिव्यांची. जुन्या जोडणींत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डावरील बटनांतून जातो. बटन तापतें आणि दिवे मंद होतात. मध्यें रिले घातला कीं बटन फक्त हुकूम देतें व प्रवाह बॅटरीकडून जाड तारेनें सरळ दिव्यांस मिळतो. तिसरी, डायनामोच्या जागीं आल्टरनेटर. डायनामो गाडी सावकाश चालत असतां बॅटरीस पुरेशी वीज देत नाहीं, आल्टरनेटर देतो. येथें एक भाग उठवावा लागला खरा. परंतु तो पुनः चार बोल्टांनीं बसविण्याजोगा आहे.

काढलेल्या भागांचें काय करावें, याचा धडा पुण्याच्याच भांडारकर संस्थेनें घालून दिला आहे. तेथें १९१९ मध्यें आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ मध्यें पूर्ण झाली. संपादकांनीं मूळ संहिता वर दिली. पण गाळलेले पाठ फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत जपले. आमचा जुना डायनामो त्याच न्यायानें तेल लावून, चिठ्ठी बांधून फळीवर ठेविला आहे. पुढच्या पिढीला पाठ बदलावासा वाटला, तर तो हाताशीं असावा.

गॅरेजमधील पथ्यें

घरांत लहान मुलें व वृद्ध असतात. म्हणून हीं पथ्यें कडक पाळावीं. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, जाऊं नये. लोखंडी घोड्या लावाव्या व उरलेल्या चाकांना अटकाव द्यावा. विटांचा भरंवसा धरूं नये, त्या भाराखालीं अकस्मात् फुटतात. दार लावून इंजिन चालू ठेवूं नये. त्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो. पेट्रोलची टाकी रिकामी झाली म्हणजे ती निर्धोक झाली असें मानूं नये. भरलेल्या टाकीपेक्षां रिकाम्या टाकींतील वाफ अधिक भडकते, आणि अशा टाकीला वेल्डिंग करतांना माणसें दगावलीं आहेत. जुन्या ब्रेकच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. वायरिंगला हात लावण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी.

सुट्या भागांसाठीं मुंबईस कुर्ला व चोर बाजार आणि पुण्यास जुना बाजार येथें शोध घेतां येतो. पण तेथें जातांना आपला जुना भाग बरोबर न्यावा आणि मापानें ताडून पाहावा. वर्णनावर विसंबूं नये. ज्या वृद्ध मिस्त्र्यांनीं आयुष्यभर या गाड्या हाताळल्या, त्यांच्यापैकीं कोणी भेटले तर त्यांस आदरानें घरीं बोलवावें व तरुणांस त्यांच्याजवळ बसवावें. ही विद्या बव्हंशीं पुस्तकांत नाहीं, ती त्यांच्या बोटांत आहे. आणि गुरूवांचून ती लुप्त होईल.

फल काय ?

चौदा महिन्यांच्या रविवारांनीं गाडी उभी राहिली. प्रथम गल्लींत, मग शहरांत, मग सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत अशा फेऱ्या घेऊन ब्रेकांची परीक्षा झाली. त्यानंतरच माघांत वाईचा बेत ठरला. खंबाटकी चढतांना पुतण्यानें गाडी एकदां थांबवून पाण्याचा कांटा पाहिला. उतरतांना खालचा गिअर ठेवून इंजिनाच्याच अटकेनें ती सावकाश आणिली. मागें मोठ्या गाड्या हॉर्न वाजवीत होत्या. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “हे सुद्धां असेच सावकाश उतरत.” जागेची तक्रार करणारे मधले बंधु मागच्या बैठकीवर होते, आणि पुढल्या खेपेला औंधास यमाईच्या दर्शनास जावें अशी सूचना त्यांचीच.

दुप्पट ताकदीच्या इंजिनाचा पैसा ब्रेक, तळ आणि नळ्या यांत गेला, याची पुतण्यास आतां खंत वाटत नाहीं. मूळ यंत्र कां तसें रचिलें गेलें, हें समजण्यांत जो आनंद आहे, तो तें उपटून टाकण्यांत नाहीं, असें तोच मित्रांना सांगतो.

तात्पर्य, वडिलोपार्जित वस्तु हातीं आली म्हणजे तीन प्रश्न क्रमानें विचारावे. या बदलानें कोणाचा जीव अधिक सुरक्षित होतो काय ? हा बदल उद्यां परत फिरवितां येईल काय ? आणि हा बदल केल्यावरही वस्तु तीच राहील काय ? तिन्ही उत्तरें ‘होय’ आलीं तर निःशंक पाना हातीं घ्यावा. एकही ‘नाहीं’ आलें, तर घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसून बोलावें. आणि तोंपर्यंत गाडीवर स्वच्छ चादर घालून ठेवावी.